बापूसोंची आरोळी

"खेळाडूंना उद्देशून आरडाओरडा करणाऱ्या प्रेक्षकास मैदानाबाहेर काढण्यात येईल," असं लाउडस्पीकरवरून पुन्हा सांगून झालं आणि नेमकं तेव्हाच बापूसोंनी तोंड उघडलं.

"दा... दा..."

"पाणी पायजे वाटतं काकास्नी," मागच्या पायरीवरचा कृष्णात म्हणाला. शेजारचा पोरगा. त्यानंच दोघांना रिक्षातून आणून, बापूसोंना उचलून गोलपोस्टमागं बसवलं होतं.

पद्मावतीकाकूंनी मान हलवली. पाणी नको होतं. श्रावणात बापूसोंच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हापासून त्यांच्या तोंडून निघणाऱ्या तुटक अक्षरांचा अर्थ घरात एकट्या काकूंनाच लागायचा.

बापूसोंचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान होतं, पण सगळा जीव शिवाजी पेठेच्या फुटबॉल संघात. मॅच असली की गल्ल्यावर पोराला बसवून ते मैदान गाठत. समोरच्या संघाच्या गोलपोस्टमागं उभं राहायचं आणि गोलकीपरला डिवचायचं, हा त्यांचा हक्काचा उद्योग. गोलमध्ये भैरोबा तालमीच्या संघाचा धम्मपाल असला, की आवाजाला आणखीच धार चढे. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी येत आणि ताटावर बसून आज काय काय ओरडलो ते रंगवून सांगत. काकू भाकरी वाढता वाढता ऐकत. मैदान मात्र त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या.

समोर धम्मपाल चेंडूच्या नादात बराच पुढं गेला होता. डावीकडचा अर्धा गोल मोकळा पडला होता. बापूसोंनी चांगल्या हातानं काकूंची मांडी थापटली. "दा! दा!" शब्द काही फुटेना. डोळे भरून आले.

काकूंना ते बघवेना. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सावरला. दारावरच्या भाजीवाल्यालासुद्धा त्यांनी कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती.

"धम्मपालाऽ! दार उघडं हाय रंऽ! मांजर शिरंल!"

आवाज चिरका निघाला, पण पोचला. पायऱ्यांवर हशा उसळला. धम्मपालनं गर्रकन वळून बघितलं. तेवढ्यात हवालदार काठी टेकत येऊन उभा राहिला.

"मावशी, आत्ताच सांगितलं की न्हाय? चला, उठा. पावण्यास्नी पण घ्या."

"मी शिवी न्हाय दिली," काकू म्हणाल्या. "यांचं बोलणं मी बोलले. यास्नी बोलता येत न्हाय."

"त्यो नियम हाय. गेल्या साली दगडं पडली, तवापासनं कुणालाच ओरडू द्यायचं न्हाय."

कृष्णात बापूसोंच्या काखेत हात घालायला वाकला. बापूसोंनी पायरीची कड घट्ट धरली. बोटं सोडवेनात. काकू त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागल्या, तसा त्यांनी मान फिरवून मैदानाकडं केली.

मधल्या फळीतला एक खेळाडू पाय मुरगळून पडला होता, खेळ थांबला होता. धम्मपाल हातमोजे काढत थेट जाळीपाशी आला.

"काका? आवाज न्हाय म्हणून मघाधरनं मागं बघतोय मी. वाटलं, रागावला काय पेठेवर." मग त्याचं लक्ष बापूसोंच्या तोंडाकडं, मांडीवर निपचित पडलेल्या हाताकडं गेलं. "कवा झालं हे, काकू?"

"श्रावणात."

धम्मपाल हवालदाराकडं वळला.

"साहेब, यास्नी बसू द्या."

"आरं, तुलाच ओरडत्यात की ती!"

"ओरडू द्या. ह्या जाळीमागनं लोकांनी माझी जात काढलीया, साहेब. आई काढलीया. काकांनी इतक्या सालात फकस्त माझी चूक काढली."

हवालदारानं टोपी काढून पुन्हा घातली. बापूसोंकडं बघितलं, काकूंकडं बघितलं.

"बरं, बसा. पण हळू ओरडा."

"हळू कसं ओरडत्यात, साहेब?" काकूंनी खरंच विचारलं. हवालदार चार पायऱ्या वर जाऊन बसला.

खेळ सुरू झाला. शेवटी शेवटी पेठेला कॉर्नर मिळाला. गोल अजून एकही झाला नव्हता. सगळी पेठ उभी राहिली. धम्मपाल उजव्या खांबाला चिकटला होता आणि बापूसोंचा हात पुन्हा थापटू लागला. या वेळी काकूंनी वाट बघितली नाही.

"धम्मपालाऽ! दाऽर!"

धम्मपालनं डावीकडं पाऊल टाकलं. चेंडू तिथंच आला, कुणाच्या तरी डोक्यावरून सणसणत, आणि त्यानं तो छातीशी कवटाळला.

पेठेनं एकदम कपाळाला हात लावला.

"अवो काकू! कुणाकडनं हाय तुम्ही?" वरून कुणीतरी बोंबललं.

काकू मटकन खाली बसल्या. आपण काय करून बसलो, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. बापूसोंकडं बघायचा धीर होईना. मग शेजारून घुसमटल्यासारखा आवाज आला, तशा त्या घाबरून वळल्या.

बापूसो हसत होते. गदागदा, खांदे हलवत. तोंडाची एकच बाजू वर जात होती. दुसऱ्या बाजूनं लाळ गळत होती, ती काकू पदरानं पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांनाही हसू आवरेना.