याडीची ओळ

“अन् मायची ओळ कुठं गेली?” सुखीबाईनं विचारलं, आणि ओसरीवरच्या साऱ्या बाया मानीबाईकडं बघायला लागल्या.

स्पीकरमधली गिटार मधेच थांबली होती. मानीबाईच्या मांडीवर नात झोपली होती. तिनं नातीच्या गालावरची माशी हाकलली. मान काही वर केली नाही.

मानीबाईची पोरगी ममता कालच लेकीला घेऊन पुण्याहून तांड्यावर आली होती. लग्न झालं त्याच वर्षी बँड सोडून तिनं आपल्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम काढला होता, ब्लूज-रॉकचा. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. मग ऐकणाऱ्यांनी एकमेकांना ऐकवला, वाढत वाढत गेला, आणि आता कंपनी तो नव्यानं काढत होती. तेव्हा मागं राहिलेली गाणीही त्यात जोडणार होती. तिचा बाप हिरासिंग सकाळीच बोरी अरबच्या बाजारात सांगून आला होता, “नवा नाई भाऊ, जुनाच हाये. पण लोकायनं परत मागतला. जुनी वस्तू कोणी परत मागते का, तूच सांग!”

बंजाऱ्यांच्या तांड्यातून सासरी निघालेली पोर ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, सुरात रडत. बापाची ओळ वेगळी, भावाची वेगळी, सोबतिणींची वेगळी. हे रडणं शिकावं लागतं, आणि या तांड्यात ते मानीबाई शिकवायची. लग्न ठरलं की पोरी तिच्या ओसरीवर येऊन बसत. सगळ्या ओळी ती सगळ्यांदेखत शिकवी. आईची, याडीची ओळ मात्र शेवटी, निघायच्या आदल्या सांजेला, पोरीला आत नेऊन, दार लावून. मानीबाईच्या हाताखालची पोर निघाली की वरातीतले बाप्येसुद्धा डोळे पुसत.

आणि तिच्याच ममतानं पुण्यात कोर्टात सही करून लग्न उरकलं. ना वरात, ना ढावलो. ‘शिकवणारीचीच पोरगी न रडता गेली’, हे मानीबाईनं नळावर ऐकलं, दुसऱ्यांच्या लग्नात ऐकलं. कधी उत्तर दिलं नाही. देणार तरी काय?

आज मात्र उत्तर आपल्या पायांनी चालत आलं होतं. जोडलेल्या गाण्यांतलं हे शेवटचं. शब्द नाहीत, नुसती गिटार. तार ओढून ममतानं सूर वाकवला, तो थरथरत वर चढला, आणि मानीबाईच्या अंगावर काटा आला. ही तर बापाची ओळ! पोरी शिकत तेव्हा ही कार्टी दाराआड बसून सारं ऐकत होती तर. हिरासिंग बैलाला पाणी दाखवायचं निमित्त काढून उठून गेला. मग भावाची ओळ आली. ममताच्या भावानं, ओमनं, हातातला मोबाइल खाली ठेवला. सोबतिणींची ओळ आली आणि बायांचे पदर डोळ्यांना लागले. शहरातल्या कुणी लिहिलं होतं म्हणे, की या मुलीच्या बोटांत सातासमुद्रापारचं दुःख आहे. मानीबाईला मनातल्या मनात हसू आलं. सातासमुद्रापारचं कुठलं, बाप्पा! याच ओसरीवरचं. तिची मान ताठ झाली. ऐका म्हणावं आता.

आणि नेमकी तिथंच गिटार थांबली.

“बापाले रडली, भावाले रडली,” सुखीबाई म्हणाली, “मायवरच राग होता काय वो?”

“राग कायचा, काकी?” ममता म्हणाली. “लग्नाच्या सकाळी वाजवलं होतं हे, खोलीत एकटीनं. मायची ओळ मले येतच नव्हती. हात तिथंच थांबला. अर्धं राह्यलं, म्हणून तवा अल्बमात टाकलं नाई.”

ती सरकून आईजवळ आली. गिटार मांडीवर घेतली.

“याडी, परवा कंपनीले गाणी द्यायची हायेत. तू ओळ म्हण, मी ऐकून वाजवते. आजच पुरं करू. नाई तर हे गाणं काढूनच टाकते. अर्धं रडणं जगाले कायले ऐकवू?”

मानीबाईच्या घशापर्यंत सूर आला. किती पोरींना दिली होती ती ओळ! दिली, की दुसऱ्या दिवशी पोर गाडीत बसायची, आणि पुढच्या सणाला यायची ती पाहुणी म्हणून. तिनं ममताकडं बघितलं. तारा दाबून दाबून पोरीच्या बोटांना घट्टे पडले होते.

सूर तिनं गिळला.

“नाई म्हणत,” ती म्हणाली.

ममताचा चेहरा उतरला. “अजून राग हाये का, याडी?”

“गाणं काढू नको. जसं हाये तसंच दे.”

“पण ते अर्धं हाये ना वो!”

“राहू दे अर्धं.” मानीबाईनं झोपलेल्या नातीला छातीशी घेतलं आणि सुखीबाईकडं वळून, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मायची ओळ मी जाणाऱ्या पोरीले देते. माही पोरगी कुठं गेली?”