अकरावी मेंढी

व्यापाऱ्याने टेंपो उलटा घेऊन फाटकाला लावला. मागे तरणाबांड मेंढा बांधलेला होता. त्याला उतरवायचं आणि म्हाताऱ्या मेंढ्याला चढवायचं, एवढंच काम.

"चहा राहू दे, आधी हे उरकू," धाकटा म्हणाला. जिंकल्यासारखा बोलत होता. मोजणी अजून व्हायची होती.

"घाई कसली, भावजी? ठरलंय तसं होऊ दे," वहिनी म्हणाली. कळप तिचा होता, पण घरात त्यावर मत प्रत्येकाचं होतं.

ठरलं होतं ते असं. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते. गाभण राहिली की येत नाही. म्हणून म्हाताऱ्याच्या छातीला वहिनीने तेलात कालवलेला गेरू फासला होता. तो जिच्यावर चढेल तिचा पुठ्ठा लाल. सतरा दिवसांत अकराच्या अकरा लाल झाल्या, तेव्हा गेरू पुसून नीळ फासली. जी गाभण राहिली नसेल ती पुन्हा माजावर येणार आणि निळी होणार. दोनपर्यंत निळ्या निघाल्या तर म्हातारा राहील, तीन निघाल्या तर जाईल. हा हिशेब धाकट्यानेच मांडला होता, तोही जेवताना, म्हणजे सगळ्यांदेखत. आज निळीचा सतरावा दिवस होता.

सासूबाई स्टूल घेऊन फाटकाशी बसल्या. मेंढ्या एकेक करून अरुंद वाटेने निघू लागल्या.

"एक, लाल. दोन, लाल." सासूबाईंचा आवाज चढत गेला. "नऊ, लाल. दहा, लाल!"

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. तो हसत होता.

"एकही निळी नाही?" तो म्हणाला. "अहो वहिनी, जरा विचार करा. म्हाताऱ्याचं दुकानच बंद झालंय. पाय वर उचलत नसेल तर निळा रंग लागणार कुठून?"

"काल तर म्हणत होतास, सगळ्या निळ्या होतील," सासूबाई म्हणाल्या.

"काल वेगळं होतं, आई."

उलटंसुलटं काहीही निघो, धाकटा बरोबरच, अशी ही मांडणी होती. आणि तरी शंका खोटी म्हणता येत नव्हती. व्यापाऱ्यानेही मान हलवली. "शंका रास्त आहे, ताई," म्हणत त्याने म्हाताऱ्याचा दोर हातात घेतला. म्हातारा डोळे अर्धे मिटून उभा होता. या क्षणी त्याच्या बाजूने बोलावं असं त्याच्यात काही दिसत नव्हतं.

"अकरावी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

अकरावी गोठ्यातून निघायलाच तयार नव्हती. वहिनीने आत जाऊन तिला ढकललं. ती बाहेर आली, वाट सोडून वळली आणि तडक म्हाताऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या लाल पुठ्ठ्यावर शेपटीपासून पाठीपर्यंत निळा पट्टा होता. ओला, ताजा.

"आली! निळी आली!" धाकट्याने टाळी वाजवली. "मी म्हणत नव्हतो? हा घ्या तुमचा म्हातारा!"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. टाळीचे हात तसेच जुळलेले राहिले.

"परत म्हणा ना, भावजी," वहिनी अगदी गोड आवाजात म्हणाली. "दुकान बंद आहे म्हणालात ना? मग ही निळी झाली कशी? आणि दुकान चालू असताना बाकीच्या दहा जणी फिरकल्या का नाहीत?"

सासूबाईंनी स्टुलावरच मांडीवर थाप मारली. "दहा गाभण!"

"तुम्हीच हाताने नीळ फासली असेल," धाकटा पुटपुटला.

वहिनीने दोन्ही तळहात पुढे केले. स्वच्छ होते. पण ते पाहायची वेळच आली नाही. व्यापाऱ्याच्या हातातून दोर सुटला, म्हाताऱ्याने मान ताठ केली, आणि भर सकाळी, चार माणसांदेखत, उरलेला पुरावा त्याने स्वतःच दिला.

धाकटा आभाळाकडे पाहू लागला. सासूबाई मात्र नीट पाहत होत्या.

व्यापाऱ्याने टेंपोतल्या तरण्याबांड मेंढ्याकडे एक नजर टाकली आणि फळी वर उचलली. मग थांबला.

"ताई," तो म्हणाला, "याला चार दिवस इथे ठेवून जाऊ का? बघून शिकेल तरी."