काळ्या धुळीची दोन पोती

एक न पेटवलेली मेणबत्ती. काळ्या धुळीची दोन पोती. नऊ माणसं. सहा तासांची हवा.

चंद्रावरच्या या वसाहतीत हवा भट्टीतून यायची. आरशांनी ऊन एकवटून माती वितळवायची, त्या लाल रसातून, मळीतून, वीज सोडायची, की प्राणवायू सुटायचा. आज मात्र वीज मळीतून जाईना.

"चुंबक फिरवून माती एकदम स्वच्छ करून दिली होती," इंजिनिअर देवस्थळी म्हणाले.

"तिथंच तर घोळ झाला ना, साहेब!" शेवंता मेश्राम म्हणाली. चंद्रपूरच्या भट्टीवर तिनं वीस वर्षं काढली होती. "लोखंडाची सगळी काळी धूळ वेचून या पोत्यांत भरली. आता करंट काय तुमच्या डिग्रीवरून पळेल?"

तिनं दोन्ही पोती भट्टीत ओतली. मळी पातळ झाली. मीटरचा काटा थरथरला, मग चढतच गेला. नळीतून फुस्स करून हवा आली आणि नऊही जण ओरडले.

"पेटवा ती मेणबत्ती!" देवस्थळी म्हणाले. हवा वाचवायची म्हणून सकाळी त्यांनीच शेवंताच्या वाढदिवसाची मेणबत्ती पेटवू दिली नव्हती.

ती पोती बाहेर फेकायचं काम आदल्या दिवशी देवस्थळींकडे होतं, आणि ते विसरले होते.