घोरणाऱ्याची जागा

घोरणं पुन्हा सुरू झालं. आधी बारीक शिट्टी, मग लाकूड कापल्यासारखी खरखर.

"लक्ष फक्त श्वासावर," समुपदेशिका म्हणाली. आपलाच आवाज तिला टेप लावल्यासारखा वाटला. दिवसभरातला हा तिसरा गट. सकाळपासून तिने इतक्या जणांना शांतपणे श्वास घ्यायला सांगितलं होतं, की स्वतः कधी घेतला ते तिला आठवत नव्हतं.

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीतली खोली. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोळे मिटून बसलेली दहा-बारा मुलं. कुणाला परीक्षेचा धसका, कुणाचं कशातच मन लागत नाही, कुणाला उगाचच रडू येतं. त्यातला खिडकीपाशी बसणारा हा मुलगा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. येऊन बसला, की पाच मिनिटांत डाराडूर. पोरांनी त्याचं नाव 'इंजिन' ठेवलं होतं.

त्याच्या बरोबर समोर कायद्याची एक विद्यार्थिनी बसायची. तिला सगळे वकीलबाई म्हणत, पण तोंडातून अवाक्षर काढेल तर शपथ. इंजिन सुरू झालं, की तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या आणि ओठ घट्ट मिटायचे. समुपदेशिका दर वेळी ते बघायची. ही मुलगी एक दिवस उठून जाईल आणि परत येणार नाही, याची तिने धास्ती घेतली होती. मध्येच गेलेली मुलं सहसा दुसरीकडेही कुठे मदत मागत नाहीत.

सत्र संपल्यावर तिने इंजिनला थांबवून घेतलं.

"अरे, तू इथे येतोस तरी कशाला?"

तो ओशाळला. "खरं सांगू मॅडम? वडील अंथरुणाला खिळलेत. रात्री सारखी त्यांची कूस बदलावी लागते. दिवसा आई बघते, रात्री मी. इथे कुणी मला हाक मारत नाही."

तिला गलबलून आलं. पण त्या आठ्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"मला कळतंय रे. पण बाकीच्यांना त्रास होतो. तुझ्यासाठी आपण वेगळी वेळ ठरवू."

त्याने वाद घातला नाही. "सॉरी मॅडम" म्हणून सॅक खांद्याला लावली आणि गेला. वेगळी वेळ ठरवायला तो काही आला नाही.

पुढच्या आठवड्यात खोली अगदी शांत होती. इतकी, की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती आणि कुणाच्या तरी पोटातली गुरगुरसुद्धा. मुलं चुळबुळत होती. एक जण डोळे किलकिले करून सारखा घड्याळाकडे बघत होता.

वकीलबाईने डोळे उघडले. "मॅडम, ते कुठे गेले?"

"कोण?"

"इंजिन."

कुणीतरी खुदकन हसलं. ती हसली नाही.

"मीच त्याला येऊ नको म्हटलं," समुपदेशिका म्हणाली. "त्या घोरण्याने सगळ्यांचं लक्ष उडत होतं ना?"

"माझं नाही." मुलीचा आवाज चिरका झाला. "मला कित्येक महिने धड झोप नाही, मॅडम. हॉस्टेलवर रात्रभर छताकडे बघत पडलेली असते. इथे ते घोरायला लागले, की वाटायचं, या खोलीत झोपलं तरी चालतं. मी जीव एकवटून तेवढंच ऐकत बसायचे."

समुपदेशिकेने तिच्या कपाळाकडे बघितलं. त्या आठ्या रागाच्या नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला प्रयोगशाळेच्या जिन्यात गाठलं आणि झालं ते सगळं सांगितलं.

"पण मला ते ध्यानबिन जमत नाही, मॅडम."

"नको करूस. नुसता झोप."

पुढच्या सत्राला तो आला. सगळ्यांनी त्याची खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली होती. त्याने डोळे गच्च मिटले. पण आख्खी खोली कान देऊन बसल्यावर झोप कसली येते! तो खाकरला. या कुशीवरून त्या कुशीवर कललाही. चेहरा लाल झाला, पण घोरणं काही येईना. समुपदेशिकेला आतून थकवा दाटून आला. हेही फसलं. तिने निमूटपणे नेहमीची वाक्यं सुरू केली.

मध्येच एक बारीकशी शिट्टी वाजली. पण खिडकीकडून नव्हे, समोरच्या खुर्चीतून. वकीलबाईची मान एका बाजूला कलली होती, कपाळ सपाट झालं होतं.

समुपदेशिकेने पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. इंजिनने चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या, मॅडम," तो कुजबुजला. "मी आहे जागा."