सातवी गैरहजेरी

“माझी तक्रार घ्यायचीच नाही असं तुम्ही ठरवलंय, साहेब.”

झाडूवाली हे मोठ्याने म्हणाली. बाकावर बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. हवालदाराने केली नाही. तो कागदाच्या कडेने दात कोरत होता.

“मावशी, जगात रोज हजार फोन जातात. तुमचा काय सोन्याचा होता?”

“सोन्याचा असता तर माझ्याकडे कशाला आला असता?”

फोन गेला शुक्रवारी पहाटे. हजेरीचा फोटो काढून तिने तो ढकलगाडीच्या झाकणावर ठेवला आणि तुटलेली फांदी ओढायला चार पावलं पुढे गेली. परत येते तर झाकण रिकामं. आता रस्ता झाडायला फोन कशाला लागतो, असं कुणी विचारेल. झाडायला लागत नाही. झाडलं हे दाखवायला लागतो. दिवसातून तीनदा स्वतःचं तोंड आणि मागचा रस्ता फोनमधून पाठवायचा. पाठवला तर ती हजर. नाहीतर रस्ता आरशासारखा लख्ख असला तरी ती गैरहजर. सलग सात गैरहजेऱ्या झाल्या की नाव कट. सहा झाल्या होत्या. सहाही दिवस तिने रस्ता झाडला होता आणि मुकादमाने तो डोळ्यांनी पाहिला होता. पण मुकादमाच्या डोळ्यांना कोण विचारतो? “चौकीचा शिक्का मारलेली पोच आण,” तो म्हणाला होता, “गुरुवारी पाचच्या आत. मग सगळे दिवस भरून देतो. माझ्या हातात एवढंच आहे.”

आज गुरुवार होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

करायचं ते सगळं तिने केलं होतं. नणंदेला सोबत घेऊन त्याच दिवशी सिम बंद केलं. बँकेत जाऊन सांगून आली. शनिवारी चौकीत आली तेव्हा हवालदार म्हणाला, मोठे साहेब नाहीत. सोमवारी म्हणाला, अर्ज दोन प्रतींत हवा. मंगळवारी त्याला फोनच्या खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर पाहिजे झाला. तिने माळ्यावरची भांडी खाली काढून खोकं शोधलं. काल त्याने अर्जातल्या ‘चोरी’ शब्दावर बोट ठेवलं. चोरी कशाला, गहाळ लिहा. तिने नाही लिहिलं. फांदी ओढताना फोनला पाय फुटले नव्हते.

“द्या इकडे.” हवालदाराने अर्ज ओढला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. “ओळखीच्या खुणा. डाव्या कोपऱ्यात तडा. बोटांचे ठसे झिजल्यामुळे फोनला कुलूप नाही. चार्जिंग दुपारपर्यंतच टिकतं.” तो हसला. “असलं डबडं कोण चोरेल हो? आणि चोरलं असलं तरी शुक्रवारी दुपारीच मेलं असेल. पडलं असेल एखाद्या गटारात.”

“गटारं मीच साफ करते. तिथे नाहीये.”

बाई शिपाई खुदकन हसली. हवालदाराचा चेहरा उतरला.

“उद्या या.”

“उद्या माझं नाव नसेल. शिक्का मारा. मी इथून हलत नाही.”

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे चामड्यासारखे झाले होते, नखांत काळं बसलं होतं. हवालदाराने त्या हातांकडे पाहिलं आणि आपला चहाचा कप जरा बाजूला सरकवला. ते तिने पाहिलं. हात तिथेच ठेवले.

घड्याळात साडेचार झाले.

“आई! आज गुरुवार! आजीला फोन लाव! नाहीतर ती रुसेल आणि मग मला सांगू नकोस!”

आवाज लहान मुलीचा होता. खणखणीत, हुकूम सोडणारा. तो टेबलाच्या खालच्या खणातून आला होता.

हवालदाराने गुडघ्याने खण आत दाबला. आवाज दबला, थांबला नाही. “आई! आज गुरुवार!”

झाडूवालीचे हात टेबलावरून सुटले. ही तिची मुलगी होती. आठवड्यातून एकदा वाजायचा तो गजर लेकीनेच स्वतःच्या आवाजात भरून दिला होता, कारण आई सगळं लक्षात ठेवायची, स्वतःच्या आईला फोन करायचं तेवढं विसरायची.

“तो खण उघडा,” बाई शिपाई उठून उभी राहिली. हसू कधीच गेलं होतं.

“अगं, ते... कुणीतरी आणून दिला होता. शुक्रवारी सकाळी. रस्त्यात सापडला म्हणून.” हवालदाराने खिशातून रुमाल काढला. “नोंद करायची राहून गेली. हजार कामं असतात. शुक्रवारपासून इथे तसाच पडून आहे, हातसुद्धा लावला नाही कुणी.”

बाई शिपायाने वाकून खण ओढला आणि फोन टेबलावर ठेवला. डाव्या कोपऱ्यात तडा. झाडूवालीने अंगठा पदराला पुसून गजर बंद केला. मग तिचं लक्ष पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. ती बराच वेळ तिथेच पाहत राहिली.

फोन तिने पाठीमागे लपवला नाही, की छातीशी धरला नाही. तिने तो अर्जावर ठेवला, बरोबर ओळखीच्या खुणांच्या खाली, आणि हवालदाराकडे वळवला.

“आधी शिक्का मारा. आणि त्याच्याखाली तुमच्या हाताने याचं उत्तर लिहा,” ती म्हणाली. “माझ्याकडे हा दुपारच्या पुढे टिकत नाही. तुमच्याकडे सात दिवस तसाच पडून होता. मग ब्याण्णव टक्के कसा भरलाय, साहेब?”