पडवीतली गोधडी

कपड्यावर डाग दिसला आणि हर्षालीनं गोधडी उचलून पडवीत टाकली. सासू बारकी चुलीपुढं जाऊन बसली. या घरात पाळी आली की सून चार दिवस पडवीत. चुलीला हात नाही, हंड्याला हात नाही. गोधडी बाहेर दिसली की घरादाराला कळायचं, याही महिन्याला काही नाही.

सात वर्षं हेच चाललं होतं. नवरा नवसू वाशिंदला कंपनीत कामाला. सकाळी निघताना त्यानं गोधडी बघितली, डबा उचलला आणि बुटाची नाडी उगाच दोनदा बांधली. बिचारा कधी बोलला नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं, असं हर्षालीला वाटायचं. तिला मूल हवं होतं. इतकं हवं होतं की शेजारच्या सावळीचं पोर रडलं तरी हिचेच हात पुढं व्हायचे.

नऊच्या सुमाराला आरोग्य केंद्राची आशाताई मेघा आली. गावातलीच, तोंडाची फटकळ. गोधडी बघून ती पडवीतच टेकली.

“कधी आली गो?”

“आज. पण जास्त नाय. थेंबभर, तांबूस.”

“आणि गेल्या महिन्यात?”

“तवाबी तेवढाच. एकच दिस.”

“एकच? मग चार दिवस इथं काय करत होतीस? मी आले तवा बाहेरच तर होतीस!”

“बसायला तर लागतंच ना चार दिस.”

मेघानं कपाळाला हात लावला. “अगो बाय, तू चार दिवस पडवीत बसलीस म्हणून ती पाळी झाली होय? डाग म्हणजे पाळीच, असं कोणी सांगितलं तुमाला? कमाल आहे तुमची!”

तिनं पिशवीतनं तपासणीची पट्टी काढली. पाच मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. हर्षाली बघतच राहिली. हसू येईना, रडूही येईना. सात वर्षं मागितलेलं आज दारात आलं होतं, आणि तेही रक्ताच्या डागासकट.

“राहील ना गो?”

“सुरुवातीला असं थोडं कित्येकींच्या अंगावरून जातं, नि पोरं धडधाकट होतात. पण कधी ते पडायचंबी लक्षण असतं, कधी गर्भ नळीत अडकलेला असतो. इथं बसून कसं कळणार? सोनोग्राफी करायला लागेल. चल शहापूरला. आत्ताच.”

बारकी आतून सगळं ऐकत होती. तिनं चूल विझवली, लुगडं सारखं केलं आणि बाहेर येऊन सुनेचा हात धरला. या दिवसांत सुनेला शिवायचं नसतं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. शहापूर येईपर्यंत रिक्षात तिनं तो हात सोडला नाही.

नवसूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आणि सुटताना घेतला तर तो बंद पडलेला. संध्याकाळी आटगावला उतरून तो चालत घराच्या वळणावर आला. रोज इथं पाय थांबायचे, तसे आजही थांबले. गोधडी पडवीतच होती.

जवळ आला तर गोधडीवर त्याची आई पाय पसरून बसलेली. साठी उलटलेली बाई, पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली.

“आये, तू इथं का? आन हर्षाली कुठंय?” तो ओरडलाच.

बारकीनं तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल रे. आत दोघं निजलीत.”