आत्याबाईंचा निरोप

“प्रभू म्हणतो, सलोमीनं नर्सिंग शिकायला मिरजेला जाऊ नये. तिचा संसार याच गल्लीत ठरलेला आहे.” रविवारच्या उपासनेत हन्नाआत्या उभ्या राहून डोळे मिटून बोलल्या, ढोलकी वाजवायला बसलेल्या आपल्या भाच्याकडे, विल्सनकडे, त्यांनी बोट केलं आणि त्या खाली बसल्या. सलोमीची गाडी उद्या सकाळची होती. तिच्या विधवा आईनं पदर तोंडाशी धरला. प्रभूचं नाव आल्यावर तिला नाही म्हणवेना.

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणीही उठून प्रभूचा संदेश सांगायला मज्जाव नाही. एकानं बोलावं, इतरांनी पारखावं, एवढाच शिरस्ता. आत्यांचे संदेश पारखायला मात्र कोणी उठत नाही, कारण नाताळचा फराळ त्यांच्याच हातचा असतो.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “विल्सन, बोट तुझ्याकडे झालंय. तुलाही असं काही कळलंय का?”

“हो साहेब,” विल्सन प्रामाणिकपणे म्हणाला. “मंगळवारी, पोहे खाताना. आत्यानंच सांगितलं. शब्दही हेच होते.”

पाळकसाहेब हसले नाहीत. “आत्याबाईंचा निरोप मंडळीला पोचला. आता प्रभूचा कोणाकडे असेल, तर त्यानं उठावं.”

सलोमीची आई उठली. उपासनेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

“प्रभूचा आहे का, ते तुम्ही पारखा,” ती म्हणाली. “पण पोरीची बॅग भरून झालीय. ती मी उपसणार नाही.”

पहिलं आमेन ढोलकीमागून आलं.